पासवर्ड बरोबर, तरी ऑफिसचा पीसी घरून आत घेत नाही (चवथीच्या आधी सुटायला हवं!)

म्हापशाची_हिशेबनीस
८ सप्टेंबर, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, डोकं फुटायची वेळ आलीय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी म्हापशाला एका सीएंकडे अकाउंट्स बघते. यंदा चवथ १४ ला, आमचा गणपती सात दिवसांचा, म्हणजे २० पर्यंत मी कोरगावला, आणि नेमकी २० लाच जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख. सर म्हणाले सुट्टी घे, पण रात्री आरती झाली की तासभर घरूनच ऑफिसच्या पीसीवर बस आणि तेवढ्या चार पार्ट्यांचं उरकून टाक. ऐकायला किती सोपं.

ऑफिसचा पीसी विंडोज ११ प्रो आहे, हिशेबाची टॅली त्याच्यावरच. आमचं नेटवर्कचं बघणारा मुलगा येऊन रिमोट डेस्कटॉप चालू करून गेला, दोन्हीकडे टेलस्केल (दोन कॉम्प्युटरांमध्ये खाजगी रस्ता जोडून देतं ते) पण टाकून दिलं, म्हणाला आता फक्त नाव-पासवर्ड टाकायचं बाकी, आणि स्वतः गेला गावी, फोन लागत नाही. घरचा लॅपटॉप मावसभावाचा, तो रविवारी इंग्लंडातल्या स्विंडनहून आलाय, त्याने नवीन घेतला म्हणून जुना मला दिला. लॅपटॉप फास्ट आहे पण दोन-तीन बटणं गंडलीत बहुतेक, मेल आयडी पण धड टाइप होईना, शेवटी व्हॉट्सॲपवरून कॉपी करून चिकटवला.

तर कनेक्ट दाबलं की नाव-पासवर्डची खिडकी येते, मी टाकते, दोन सेकंद विचार करतो आणि परत तीच खिडकी, वर लिहिलेलं "युवर क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क", खाली लाल अक्षरात "द लॉगॉन अटेम्प्ट फेल्ड". रोज ऑफिसात जो पिन टाकते तोच टाकलाय, सहा आकडी, झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन (नाही सांगणार). दहा-बारा वेळा केल्यावर वेगळाच मेसेज आला, सुरक्षेसाठी अकाउंट लॉक केलंय, थोड्या वेळाने बघा. आता हे कायमचं लॉक झालं की काय? उद्या सकाळी ऑफिसात उघडेल ना?? सर मारतील मला.

जुगाडू_वास्को
९ सप्टेंबर, सकाळी ७:०४

भावा टेन्शन नको घेऊ. राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, फॉरवर्ड कर, रिमोटच्या सेटिंगमध्ये एनएलएची (आत घेण्याआधी दारातच ओळख तपासते ती) टिक काढ, फायरवॉल ऑफ. टेलस्केल वगैरे काही लागत नाही. मी तीन ठिकाणी असंच चालवतोय.

सर्व्हररूमचा_उंदीर
९ सप्टेंबर, सकाळी ७:४१

जुगाडू, बाबा रे, हे कुणाला सांगू नकोस आणि ती तीन ठिकाणं आजच्या आज बंद कर. ३३८९ जगाला उघडा ठेवला की रात्रंदिवस बॉट येऊन कडी वाजवतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक निघालं होतं आरडीपीत, म्हणजे याच रिमोट डेस्कटॉपमध्ये, पासवर्ड न टाकताच आत शिरता येईल असं, इतकं भयंकर की मायक्रोसॉफ्टने २०१४ ला सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला. आणि त्यातून बऱ्यापैकी वाचवत होतं कोण, तर हीच एनएलएची टिक, जी तू काढायला सांगतोयस. मी एका गोडाऊनवाल्याकडे सोमवारी सकाळी गेलोय, असंच दार उघडं होतं, सगळ्या बिलांच्या फाइली कुलूपबंद आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसला तो अर्धा तास उठलाच नाही.

असो. मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हाला पासवर्ड विचारतोय आणि तो नाकारतोय, म्हणजे रस्ता चांगला आहे. टेलस्केल, राउटर, फायरवॉल कशालाही हात लावायचा नाही. घर सापडलंय, बेल वाजतेय, आतून माणूस बोलतोय पण ओळखत नाही म्हणतोय, एवढंच. रस्त्याचा प्रॉब्लेम असता तर खिडकीच आली नसती, "रिमोट कॉम्प्युटरला कनेक्ट होता येत नाही" असलं काहीतरी आलं असतं. लोक इथेच चुकतात, लॉगिनची एरर आली की राउटर उघडतात.

पिन चालणार नाही. तो पिन म्हणजे विंडोज हॅलोचा, त्या एका पीसीच्या आतल्या टीपीएम चिपशी बांधलेला, त्या मशीनच्या पुढ्यात बसून टाकला तरच त्याला किंमत. बाहेरून आरडीपीने यायचं तर खरा पासवर्ड लागतो. मेल आयडीवाल्या, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पीसीवर तर आणखी एक गंमत आहे, मशीन पहिल्या दिवसापासून पिननेच उघडत असाल तर त्या पीसीला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. मग बरोबर पासवर्ड टाकला तरी तो नाहीच म्हणतो. त्याला एकदा तिथे बसून पासवर्डने लॉगिन करून दाखवावं लागतं. साइन-इन ऑप्शन्समध्ये "फक्त विंडोज हॅलोनेच साइन-इन" असं एक बटण असतं ते आधी बंद करायचं, नाहीतर पासवर्डची जागाच दिसत नाही. वेबवर जाऊन पासवर्ड बदललात तरी तेच, आधी एकदा त्या मशीनवर नवा टाकायचा, मग लांबून.

लॉकचं घाबरू नका, कायमचं नसतं. ऑक्टोबर २०२२ नंतर जे विंडोज ११ नव्याने बसवलंय त्यात मुळातच हे असतं, दहा चुका झाल्या की दहा मिनिटं दार बंद. पण एक लक्षात ठेवा, त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही चूकच ठरतो. म्हणून रागाने पुन्हापुन्हा एंटर मारू नका, नाहीतर सुटलेलं कोडं पण सुटलेलं कळणार नाही.

म्हापशाची_हिशेबनीस
९ सप्टेंबर, सकाळी ९:२०

आधी एक, भावा नाही हो, बाई आहे मी.

ऑफिसला आले, पीसी उघडला, जीव भांड्यात पडला. उंदीरभाऊ तुम्ही म्हणताय ते सगळं पटलं, पण घोळ असा की अकाउंट सरांच्या मेलवर आहे, पीसी घेतला तेव्हा दुकानदाराने सेट करून दिला, पासवर्ड सरांनाही आठवत नाही, डायरीत तीन लिहिलेत आणि तिन्ही खोडलेत. रिसेट करायचा तर कोड सरांच्या जुन्या नंबरवर जातो. आता?

सर्व्हररूमचा_उंदीर
९ सप्टेंबर, सकाळी ९:४६

मग उलट बरंच झालं ताई. रिमोटसाठी वेगळं अकाउंट काढा, लोकल, मेल नसलेलं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. तो मेल मागेल, तिथे "माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही" दाबा आणि पुढच्या पानावर "मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय". नाव साधं ठेवा, इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नको. ॲडमिन करू नका, स्टँडर्ड पुरे. पासवर्ड रिकामा ठेवू नका, रिकाम्या पासवर्डला विंडोज बाहेरून येऊच देत नाही, तिथे बसूनच चालतो.

मग सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, रिमोट डेस्कटॉप युजर्स, तिथे हे नाव घाला. हे विसरलात तर एरर वेगळी येते, "युजर अकाउंट रिमोट लॉगिनसाठी ऑथराइज्ड नाही". ती आली तर समजा पासवर्ड बरोबर आहे, फक्त परवानगी राहिलीय. म्हणून सांगतो, एररची शब्दशः नक्कल द्या, "लॉगिन होत नाही" एवढ्यावर डॉक्टरही औषध देत नाही.

कनेक्ट करताना नाव नुसतं टाकू नका, आधी ऑफिसच्या पीसीचं नाव, मग उलटा स्लॅश, मग युजरचं नाव. आणि घरी जाण्याआधी ऑफिसातल्याच दुसऱ्या पीसीवरून एकदा करून बघा.

निवृत्त_लाइनमन
९ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी कॉम्प्युटरवाला नव्हे पण माझ्या जावयाच्या दुकानात असाच प्रकार झाला होता. पावसात लाईट जाऊन जाऊन त्यांच्या पीसीची तारीख मागे जायची, मदरबोर्डवरचा तो नाण्यासारखा सेल मेलेला, सीआर२०३२. लांबून कनेक्ट करायला गेलं की लिहून यायचं, दोन कॉम्प्युटरांच्या वेळेत फरक आहे म्हणून ओळख पटवता येत नाही. आम्ही पासवर्ड बदलत बसलो दोन दिवस आणि उत्तर घड्याळात. घड्याळवाल्याकडे मिळतो तो सेल. बघून घे गो बाय, तारीख नीट आहे ना.

फोंड्याची_कोडर
९ सप्टेंबर, दुपारी ३:३०

काकांचा मुद्दा भारी आहे खरंच, घड्याळ कुणी बघत नाही.

आणखी एक याच जातीचं, कुणाचा जुना पीसी असेल तर. २०१८ च्या मे महिन्याच्या अपडेटनंतर अर्ध्या लोकांचं आरडीपी बंद पडलेलं, "क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन" असं लांबलचक काहीतरी यायचं. एका बाजूला अपडेट झालेलं आणि दुसऱ्या बाजूला नाही म्हणून. नेटवर सगळीकडे रजिस्ट्री बदला म्हणून सांगतात, ते करू नका, मागे राहिलेल्या मशीनला अपडेट द्या. आता क्वचितच दिसतं पण गोडाऊन-वर्कशॉपातल्या पीसींवर अजून भेटतं.

मी स्वतः विंडोज कमी वापरते, आमचं सगळं लिनक्स सर्व्हर आणि एसएसएच (सर्व्हरमध्ये लांबून शिरायचा रस्ता, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल लावून), तिथे रोजचं रडगाणं म्हणजे "परमिशन डिनाइड, पब्लिक की". नवीन मुलं आली की दर वेळी तेच. किल्लीची फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवलेली, एसएसएच म्हणतं असली उघडी किल्ली मी वापरणारच नाही, तिला ६०० ची, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, परवानगी द्यावी लागते. नाहीतर युजरनेमच चुकीचं, उबंटूच्या मशीनवर रूट टाकून बसलेत. परवा एकाच्या लॅपटॉपवर आठ किल्ल्या होत्या, बिचारा एसएसएच एकेक लावून बघत होता, सहा चुकल्यावर सर्व्हरने हाकललं, खरी किल्ली सातवी होती! कॉन्फिगमध्ये "आयडेंटिटीज ओन्ली" यस केलं आणि नेमकी किल्ली सांगितली तेव्हा सुटलं.

सांगायचा मुद्दा हा की बाहेरच्याला सर्व्हर मुद्दामच मोघम सांगतो. नाव चुकलं की पासवर्ड चुकला हे चोराला कशाला कळवायचं? खरं कारण तो आपल्या वहीत लिहून ठेवतो. आमच्याकडे ऑथ लॉग, तुमच्याकडे इव्हेंट व्ह्यूअर.

म्हापशाची_हिशेबनीस
९ सप्टेंबर, रात्री १०:३८

अर्धं झालं अर्धं राहिलं. वाचा आणि सांगा.

ऑफिसात लोकल अकाउंट काढलं, पासवर्ड मोठा ठेवला, अक्षरं, आकडे, मध्ये एक ॲट. रिमोट डेस्कटॉप युजर्समध्ये घातलं. काका तारीख-वेळ बरोबर आहे, बघितली. मग बाजूच्या टेबलावरच्या मुलीच्या पीसीवरून कनेक्ट केलं आणि पहिल्या झटक्यात आत! ती बिचारी टाळ्या वाजवायला लागली, सर बाहेर आले बघायला काय झालं म्हणून.

घरी आले, भात लावला, लॅपटॉप उघडला, तेच नाव तोच पासवर्ड, आणि परत "युवर क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क". तोच पासवर्ड! मीच ठेवलेला! दुपारी चाललेला! चार वेळा केलं आणि थांबले, लॉक नको म्हणून. नाव पण नीट टाकलंय, उलटा स्लॅश शोधायलाच पाच मिनिटं गेली, एंटरला लागून असलेलं बटण दाबते तर हॅश येतो, शेवटी तो डावीकडे शिफ्ट आणि झेडच्या मध्ये सापडला, कुठे काय ठेवतात देव जाणे.

सर्व्हररूमचा_उंदीर
९ सप्टेंबर, रात्री ११:०५

ऑफिसातून चाललं म्हणजे अकाउंट, ग्रुप, परवानगी सगळं पास. उरला फक्त तुमचा लॅपटॉप. माझा संशय, काल पिन टाकताना "रिमेंबर मी"वर टिक राहिलेली असणार, तो जुनाच माल पुढे करतोय. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथे "टर्मएसआरव्ही"ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, सगळ्या उडवा आणि परत टाका.

तरी नाही झालं तर उद्या ऑफिसच्या पीसीवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटी, आणि ४६२५ नंबरच्या नोंदी शोधा, चुकलेलं प्रत्येक लॉगिन तिथे असतं. एकही दिसली नाही तर चुकांची नोंद बंद असेल, लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ऑडिट लॉगॉन इव्हेंट्सला "फेल्युअर"ची टिक द्या आणि कुणाकडून तरी मुद्दाम चुकवून घ्या. नोंदीत खाली "सबस्टेटस" म्हणून लांब कोड असतो, त्याची शेपटी वाचा. ६४ असेल तर त्या नावाचा माणूसच नाही, ६ए असेल तर माणूस आहे पण पासवर्ड चुकला, २३४ म्हणजे लॉक, ७२ म्हणजे अकाउंटच बंद करून ठेवलंय. लॉगॉन टाइप ३ दिसेल, गोंधळू नका, पुस्तकात आरडीपीला १० लिहिलेलं असतं पण एनएलए असली की दारातच अडवलेलं ३ म्हणून लिहितो.

म्हापशाची_हिशेबनीस
१० सप्टेंबर, सकाळी १०:१२

टर्मएसआरव्ही खरंच होतं, उडवलं, रात्री परत केलं, तेच.

आता वही वाचली. ४६२५ च्या चिक्कार नोंदी आहेत, सगळ्या माझ्याच. काल रात्रीची १०:२१ ची उघडली. अकाउंट नेम बरोबर, माझंच. वर्कस्टेशन नेममध्ये मावसभावाचं नाव डॅश लॅपटॉप, सोर्स ॲड्रेस १०० ने सुरू होणारा, तो टेलस्केलचा ना? लॉगॉन टाइप ३. आणि शेपटी ६ए.

म्हणजे पासवर्ड चुकतोय म्हणतो. अहो पण नाही चुकत! कागदावर लिहून समोर ठेवून टाकलाय! कॅप्स लॉक बंद! आता मला वाटायला लागलंय लॅपटॉपलाच कसली बाधा झालीय.

जुगाडू_वास्को
१० सप्टेंबर, सकाळी १०:३०

विंडोज परत टाक ताई. मी सांगितलेलं केलं असतं तर आत्तापर्यंत टॅली उघडली असती.

(तीन ठिकाणची दोन बंद केली. उंदीरभाऊंनी घाबरवलं.)

फोंड्याची_कोडर
१० सप्टेंबर, सकाळी १०:४४

थांबा थांबा थांबा. विंडोज वगैरे काही टाकू नका.

ताई, मी तुमची पहिली पोस्ट परत वाचली. मेल आयडी टाइप होत नव्हता म्हणालात. नेमकं काय येत नव्हतं? ॲट? आणि उलटा स्लॅश शिफ्ट आणि झेडच्या मध्ये सापडला, एंटरला लागून असलेल्या बटणाने हॅश आला. आणि लॅपटॉप स्विंडनहून आलाय.

एकच प्रश्न. तुमच्या ३ च्या बटणावर वर काय छापलंय, हॅश की पाउंड?

आणि नोटपॅड उघडून त्यात पासवर्ड टाइप करा, जसा सवयीने करता तसाच, बटणं न बघता. काय दिसतं ते सांगा (पासवर्ड इथे लिहू नका!!). मग पुसून टाका.

सर्व्हररूमचा_उंदीर
१० सप्टेंबर, सकाळी १०:५१

अरे देवा. ब्रिटिश कीबोर्ड. समोर लिहिलेलं होतं आणि मी टर्मएसआरव्ही उडवत बसलो. वीस वर्षं हेच करतोय मी, लाज वाटली पाहिजे.

म्हापशाची_हिशेबनीस
१० सप्टेंबर, रात्री ९:४०

पाउंड!!!!

नोटपॅडमध्ये टाइप केला तर जिथे ॲट हवा तिथे डबल कोट. बोटं आपली शिफ्ट-दोन मारतात, ऑफिसात तिथे ॲट आहे, बारा वर्षं तिथेच आहे, इथे मात्र शिफ्ट-दोनवर डबल कोट आणि ॲट पार तिकडे एंटरच्या बाजूला, जिथे आपल्याकडे कोट असतो. बटणांवर स्पष्ट छापलंय सगळं, पण बटणाकडे बघतं कोण. आणि पासवर्डच्या जागी नुसते काळे ठिपके, मी काय चुकतेय ते मलाच दिसेना. मेल टाकताना दिसलं होतं की हो, ॲटच्या जागी कोट येतोय, मी म्हटलं बटण खराब, आणि कॉपी-पेस्ट करून मोकळी! तेव्हाच डोकं चालवलं असतं तर परवाच झोपले असते.

मावसभावाला फोन केला तर तो हसतोय, म्हणे आम्हाला तिकडे गेल्यावर उलटं झालं होतं, सहा महिने कुणाला मेल जात नव्हता.

बटण बघून ॲट टाकला आणि आत. टॅली उघडली. आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली बरं झालं, आता नेवऱ्यांचं सारण कधी करणार. फोंड्याच्या कोडरताई तुम्हाला डबाभर नेवऱ्या, उंदीरभाऊंना पण, काकांना तर हव्यातच.

सर्व्हररूमचा_उंदीर
१० सप्टेंबर, रात्री १०:०२

नेवऱ्या कोडरलाच द्या, मला अर्धीच.

दोन गोष्टी राहिल्या. आरडीपीत आत गेल्यावरही बहुतेक वेळा लॅपटॉपचाच कीबोर्ड लेआउट लागू होतो, म्हणजे टॅलीत नॅरेशनमध्ये कुठे ॲट किंवा कोट लागला तर तिथेही हीच गंमत. सवय मोडायची नसेल तर लॅपटॉपला इंग्लिश इंडियाचा किंवा यूएसचा कीबोर्ड जोडा, विंडोज आणि स्पेस दाबून बदलता येतो, मग बोटांप्रमाणे येईल, बटणावर काही का छापलेलं असेना. मात्र कधी यूके, कधी इंडिया करत राहिलात तर परत इथेच यावं लागेल. त्यापेक्षा मी म्हणेन पासवर्डच बदला, चिन्हं काढून नुसती अक्षरं-आकडे, पण लांब, चार-पाच शब्द जोडून. चिन्हांपेक्षा लांबी जास्त कामाला येते.

आणि विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो हं. सर ऑफिसात त्या पीसीवर असताना तुम्ही घरून शिरलात तर दोघांपैकी एकाला उठावं लागतं. वेळ ठरवून घ्या.

पेडण्याचो_पिंटो
१० सप्टेंबर, रात्री १०:२०

माझंही असंच झालेलं, फक्त माझ्याकडे मराठी कीबोर्ड चालू राहिला होता. आख्खा पासवर्ड देवनागरीत जात होता. ठिपके तेवढेच.

निवृत्त_लाइनमन
१० सप्टेंबर, रात्री १०:३३

अभिनंदन बाय. पण चवथीच्या रात्री म्हापशाला लाईट गेली आणि आली तर तुझा तो पीसी आपोआप चालू होतो का? तेव्हा ऑफिसला कुलूप असणार. आम्ही लाईट देऊ, बटण कोण दाबणार?

सर्व्हररूमचा_उंदीर
१० सप्टेंबर, रात्री १०:४०

काकांना सलाम. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा, "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा तत्सम नाव असेल, मदरबोर्डप्रमाणे बदलतं, ते "पॉवर ऑन" करा. आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर". झोपलेला पीसी बेल ऐकत नाही. टेलस्केलला पण "रन अनअटेंडेड" टिक करा, नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर कुणीतरी तिथे लॉगिन करेपर्यंत ते जोडलंच जात नाही.

म्हापशाची_हिशेबनीस
११ सप्टेंबर, दुपारी २:१७

सगळं केलं. पासवर्ड बदलला, पाच शब्द, एकही चिन्ह नाही. स्लीप नेव्हर, अनअटेंडेडची टिक, बायोसमध्ये ते "आफ्टर पॉवर लॉस" नावाने सापडलं. खरंच चालतं का बघायला विंडोज नीट शटडाऊन न करताच भिंतीवरचा स्विच बंद केला, परत चालू केला, पीसी स्वतःहून उठला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून कनेक्ट केलं, आत. फक्त त्याच एक्स्टेंशनवर सरांचा प्रिंटर होता आणि त्याच्यात कुणाचं तरी बॅलन्सशीट अर्धं बाहेर आलेलं, ते तसंच लटकत राहिलं. केबिनमधून आवाज आला. मी म्हटलं सर, टेस्टिंग.

आज शुक्रवार, बाजार तुडुंब भरलाय, माटोळीचं (गणपतीवर टांगतो ती फळा-पानांची) सामान घ्यायचंय, सुपारीचा घोस आणि तोरिंगण मिळालं तर बघते. जीएसटीआर-१ सकाळीच भरून टाकला. सुटलंय म्हणून खूण करते वर.